छिद्र कोण बुजवणार?

ज्या सॉफ्टवेअरचा सांभाळ दहा वर्षांपूर्वीच थांबला, ते अजूनही आपल्या व्यवहारांच्या नोंदी लिहीत आहे. ते विनातक्रार चालते आहे, हेच त्याचे सर्वांत मोठे संकट.

५ ऑगस्ट २०१५ रोजी अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या एका समितीने छोटेसे निवेदन काढले. लॉगफोरजे या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या पहिल्या पिढीचे आयुष्य संपले, यापुढे तिच्यात कोणतीही दुरुस्ती होणार नाही, वापरणाऱ्यांनी दुसऱ्या पिढीकडे वळावे, असा त्याचा आशय होता. ही दुसरी पिढी, लॉगफोरजे २, तोवर वापरात येऊन वर्ष झाले होते. पहिल्या पिढीची शेवटची आवृत्ती १.२.१७ ही तर मे २०१२ मधली. म्हणजे पर्याय आधी उभा केला, लोकांना वर्षभर वेळ दिला आणि मग जुन्याला निरोप दिला. एखाद्या सॉफ्टवेअरची निवृत्ती याहून व्यवस्थित होऊ शकत नाही. ज्यांनी ते घडवले, त्यांनी आपले कर्तव्य चोख बजावले. ज्यांनी ते वापरले, त्यांनी मात्र आपले आजही पूर्ण केलेले नाही. या निवेदनाला दशक उलटले, तरी १.२.१७ ही जार फाइल, म्हणजे त्या आवृत्तीची बांधून ठेवलेली गठडी, असंख्य यंत्रणांच्या पोटात तशीच पडून आहे. याविषयी धोक्याची घंटा वाजवण्याची वेळ कधीच येऊन गेली आहे. ती उशिरा का होईना, वाजवलीच पाहिजे.

लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेली, कोणीही उचलून आपल्या प्रणालीत बसवावी अशी तयार आज्ञावली. लॉगफोरजेचे काम दिसायला अगदी साधे: नोंदी ठेवणे. पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी असते, दुकानात रोजकीर्द असते, तसा प्रत्येक मोठ्या संगणकप्रणालीचा एक रोजनामचा असतो. कोण आत आले, कोणता व्यवहार झाला, काय बिघडले, किती वाजता बिघडले, हे सारे त्यात उतरते. जावा या भाषेत लिहिलेल्या प्रणालींमध्ये हा रोजनामचा लिहिण्याचे काम वर्षानुवर्षे लॉगफोरजेकडे होते. बँका, विमा कंपन्या, दूरसंचार, सरकारी पोर्टल यांच्या मागच्या खोल्यांत जावा खोलवर मुरलेली आहे. त्यामुळे लॉगफोरजेही तितकेच खोलवर मुरले. रोजनामच्याकडे कोणी रोज पाहत नाही. काही बिघडले की मगच तो उघडला जातो. म्हणूनच तो लिहिणारे सॉफ्टवेअर कोणत्या अवस्थेत आहे, याची चौकशीही कोणी करत नाही.

पण या नोंदवहीत बाहेरच्या माणसाने टाकलेला मजकूरही उतरत असतो, हे विसरून चालणार नाही. कोणी लॉगिनच्या चौकटीत काय टाइप केले, कोणत्या ब्राउझरने कोणते नाव सांगितले, हे सारे अनोळखी माणसाकडून येते आणि थेट नोंदीत जाते. त्यामुळे नोंद लिहिणारा भाग कच्चा असेल, तर तो घराचा दरवाजाच ठरतो. लॉगफोरजेच्या पहिल्या पिढीत असे कच्चे भाग सापडलेले आहेत. जाळ्यावरून आलेल्या नोंदी स्वीकारणाऱ्या तिच्या सॉकेट सर्व्हरमधली त्रुटी २०१९ मध्ये नोंदवली गेली. तीव्रतेच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी ९.८ गुण आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये संदेशवहनाच्या भागातली एक त्रुटी समोर आली. जानेवारी २०२२ मध्ये आणखी तीन जाहीर झाल्या. त्यांतली एक नोंदी डेटाबेसमध्ये लिहिणाऱ्या भागातली होती. नोंदीतला मजकूरच तिथे डेटाबेसला दिलेला हुकूम होऊ शकतो. या सर्वांवर अपाचेचे उत्तर एकच होते आणि ते योग्यच होते: ही पिढी निवृत्त झाली आहे, दुरुस्ती होणार नाही, पुढच्या पिढीकडे या.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: ‘आम्ही तो भाग वापरतच नाही.’ तो अगदीच निराधार नाही. यांतल्या बहुतेक त्रुटी विशिष्ट मांडणी केली असेल तरच उघड्या पडतात. सरसकट प्रत्येक यंत्रणा आजच हल्लेखोराच्या हाती आहे, असे कोणी म्हणू नये आणि आम्हीही म्हणत नाही. पण दोन प्रश्न उरतात. मांडणी आज अशी आहे, ती उद्या कोणी बदलणार नाही याची हमी कोण देईल? पंधरा वर्षांपूर्वी ती फाइल लिहिणारा अभियंता तीन नोकऱ्या बदलून गेलेला असतो. दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. ज्या आज्ञावलीकडे तिचे कर्तेच पाहत नाहीत, तिच्यात नवी त्रुटी नोंदली गेली नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही. तिच्यातली पुढची त्रुटी दुरुस्त करायला निघालेल्या माणसापेक्षा तिचा गैरफायदा घ्यायला निघालेल्या माणसाला आधी सापडण्याची शक्यता जास्त. चांगल्या हेतूने शोधणारे नव्या घराकडे गेले. जुन्याभोवती आता कोण फिरते आहे, याचा विचार ज्याने त्याने करावा.

खरी अडचण अशी की सॉफ्टवेअर मरते, तेव्हा ते थांबत नाही. लोखंड गंजते, लाकडाला वाळवी लागते, भिंतीला ओल येते. डोळ्यांना काहीतरी दिसते. आज्ञावलीला तसे काही होत नाही. २०१२ ची जार फाइल आजही त्याच वेगाने, त्याच अचूकतेने नोंदी लिहिते. झिजते ते तिच्याभोवतीचे जग: हल्ल्यांच्या पद्धती बदलतात, जावा बदलते, कायदे बदलतात. जावाच्या नवव्या आवृत्तीवर या जुन्या पिढीचा एक भाग नीट चालत नाही, असे अपाचेच्या मंडळींनीच सांगून ठेवले आहे. म्हणजे ही एक जुनी लायब्ररी जपण्यासाठी काही ठिकाणी खाली जावाही जुनीच ठेवावी लागते. एका निवृत्ताला धरून ठेवले की त्याच्या आधाराला आणखी चार निवृत्त धरून ठेवावे लागतात. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ हा आपल्या आयटी कचेऱ्यांमधला सर्वांत लाडका सिद्धान्त. तो नेमका इथे घात करतो.

महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या गाड्यांसह माणसे वाहून गेली. त्या पुलाशेजारी नवा पूल उभा होता. तरी जुन्यावरून वाहतूक सुरूच होती, कारण तो पडेपर्यंत चालत होता. पर्याय शेजारी उभा असणे पुरेसे नसते. जुना रस्ता बंद झाल्याची पाटी कोणीतरी सही करून लावावी लागते. लॉगफोरजेबाबतही नवा पूल २०१४ पासून उभा आहे. आपल्या बाजूला पाटी लावायला मात्र हात पुढे येत नाहीत.

इथे डिसेंबर २०२१ ची आठवण निघणे अपरिहार्य आहे, कारण त्या महिन्यातून अनेकांनी नेमका उलटा धडा घेतला. अलिबाबाच्या क्लाउड सुरक्षा पथकाने नोव्हेंबरअखेरीस अपाचेला कळवलेली आणि ९-१० डिसेंबरला जगजाहीर झालेली लॉगफोरशेल ही त्रुटी १० पैकी १० तीव्रतेची होती. चॅटच्या किंवा लॉगिनच्या चौकटीत विशिष्ट धाटणीची एक ओळ टाकली, की नोंद लिहिणारी लायब्ररी ती ओळ आज्ञा समजून दूरच्या सर्व्हरवरून परकी आज्ञावली आणून चालवू लागे. माइनक्राफ्टसारख्या खेळाच्या चॅटमधूनही हा हल्ला शक्य होता. बेल्जियमच्या संरक्षण खात्याला त्याची झळ बसली. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने सरकारी खात्यांना आणीबाणीचा आदेश दिला, भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने इशारा काढला. हिंजवडी, खराडी आणि ऐरोलीच्या कचेऱ्यांत परदेशी ग्राहकांच्या प्रणाली सांभाळणाऱ्या मराठी मुलामुलींनीही ते आठवडे जागून काढले.

ही त्रुटी दुसऱ्या पिढीत होती, पहिल्या पिढीला ती लागू नव्हती. झाले! ज्यांनी सहा वर्षे स्थलांतर टाळले होते, त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. ‘बरे झाले, आपण जुन्यावरच राहिलो,’ असे बैठकांमधून बोलले गेले आणि स्थलांतराचे प्रस्ताव पुन्हा फडताळात गेले. या लेखाचा सारा रोख या एका गैरसमजावर आहे, कारण तो वरकरणी बिनतोड वाटतो. नव्यात जगातले सर्वांत मोठे भगदाड निघाले आणि जुने वाचले, मग जुने काय वाईट?

उत्तर पुढच्या तीन आठवड्यांच्या घटनाक्रमात आहे. लॉगफोरजे २ चे मूठभर स्वयंसेवक आपापल्या नोकऱ्या सांभाळून दिवसरात्र बसले. १० डिसेंबरला २.१५.० आली. ती अपुरी ठरली, तेव्हा तीन दिवसांत २.१६.० आली. मग २.१७.० आणि वर्ष संपायच्या आत २.१७.१. चार आवृत्त्या, एकही पैसा न घेता, वर जगाच्या शिव्या खात. जी सोय या अनर्थाला कारणीभूत ठरली, ती २०१३ मध्ये आत आली होती आणि जुन्या वापरकर्त्यांची अडचण होऊ नये म्हणून तशीच ठेवली गेली होती. जुने सोडायला तयार नसलेल्यांचे ओझे नव्याच्याही पाठीवर होते, हा या प्रकरणातला अत्यंत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला गेलेला मुद्दा आहे.

छिद्र नसलेले सॉफ्टवेअर कोणाकडेच नाही. तेव्हा निवड करायची ती ‘छिद्र आहे की नाही’ या कसोटीवर नव्हे. छिद्र सापडले त्या रात्री बुजवायला घरात कोणी आहे का, ही कसोटी. दुसऱ्या पिढीच्या घरात माणसे होती, दिवा लागला, गिलावा झाला. पहिल्या पिढीचे घर बंद आहे. तिथे उद्या तसेच भगदाड पडले, तर हाक मारायलाही कोणी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जुन्यावर बसलेले वाचले ते योगायोगाने. योगायोगाला सुरक्षाधोरण म्हणायचे नसते.

दुरुस्ती उपलब्ध असूनही ती न लावल्याने काय होते, हे २०१७ मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीने दाखवून दिले. अपाचेच्याच स्ट्रट्स या चौकटीतली त्रुटी मार्चमध्ये दुरुस्तीसह जाहीर झाली होती, कंपनीच्या एका प्रणालीत ती तशीच राहिली आणि मे महिन्यापासून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. तिथे औषध तरी होते, ते दिले गेले नाही. लॉगफोरजे १ साठी अपाचेकडून औषध तयारच होणार नाही.

मग हे बदल होत का नाहीत? कारणे खोटी नाहीत. शेकडो फाइलींमधली नोंदीची वाक्ये, जुनी मांडणी, कोणीतरी कधीकाळी स्वतः लिहिलेली जोडकामे, हे सारे तपासावे लागते. संपूर्ण रिग्रेशन टेस्टिंग, म्हणजे जुने काही मोडले नाही ना याची फेरतपासणी, करावी लागते. त्यातून ग्राहकाला नवे बटणसुद्धा मिळत नाही, त्यामुळे बजेटच्या बैठकीत या कामाला वाली नसतो. सुरक्षा तपासणीत जुनी लायब्ररी लाल रंगात झळकते, तेव्हा एक्सेप्शनचा, म्हणजे सवलतीचा, अर्ज भरला जातो. ‘धोका स्वीकारला’ असा शेरा येतो आणि पुढच्या तिमाहीत तोच अर्ज तारीख बदलून पुन्हा भरला जातो. कोणी जारमधून धोक्याचे भाग तेवढे उपटून काढतो. रक्तस्राव थांबवायला पट्टी म्हणून हे ठीक. पण पट्टी बांधून दहा वर्षे फिरणाऱ्याला आपण बरा झालेला म्हणत नाही. आजचे मरण उद्यावर ढकलण्याची ही कागदोपत्री सोय आहे आणि ते ढकलताना धोका ‘स्वीकारतो’ तो शेरा मारणारा अधिकारी नसतो. ज्याचे खाते, ज्याची विमा पॉलिसी, ज्याचा आधार क्रमांक त्या प्रणालीत आहे, त्या सामान्य माणसाच्या माथी तो मारला जातो. त्याला कोणी विचारलेले नसते.

दुसरे कारण अधिक खोल आहे: आपल्या घरात ही लायब्ररी आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. ती त्यांनी आणलेलीच नसते. त्यांनी आणलेल्या एखाद्या साधनाबरोबर ती आलेली असते, पाहुण्यासोबत आलेल्या पाहुण्यासारखी. लॉगफोरशेलच्या वेळी गूगलच्या पथकाने जावाच्या सार्वजनिक भांडारातल्या पॅकेजांची पाहणी केली, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक बाधित पॅकेजांमध्ये ती लायब्ररी थेट नव्हे, तर एकाहून जास्त पायऱ्या खाली दडलेली आढळली. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने जुलै २०२२ च्या अहवालात या त्रुटीला ठाण मांडून बसलेल्या रोगाची उपमा दिली आणि ती दशकभर किंवा त्याहूनही अधिक काळ यंत्रणांमध्ये राहील, असे बजावले. त्या सरकारच्या एकाच खात्याचे या प्रकरणात ३३ हजार तास खर्ची पडले, हेही त्याच अहवालात आहे. अशा कामातला फार मोठा वेळ दुरुस्तीत जात नाही, ‘आपल्याकडे हे कुठे कुठे आहे’ हे शोधण्यात जातो. यादी आधी तयार असती, तर तो वाचला असता.

काय करायचे, याविषयी संदिग्धता नको. पहिले काम शोधाचे. मेव्हन किंवा ग्रेडल ही बांधणीची साधने वापरणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कोणती लायब्ररी कोणासोबत आली याची वंशावळ, काढून पाहावी. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण एका जारच्या पोटात दुसरी जार गुंडाळलेली असते आणि नावाने शोधून ती सापडत नाही. दुसरे काम पर्यायाचे. लॉगफोरजे २ ची चालू आवृत्ती किंवा लॉगबॅक, दोन्ही सशक्त पर्याय आहेत. लॉगबॅक घडवली ती लॉगफोरजेच्याच मूळ कर्त्याने, जेकी ग्युल्जू यांनी. मूळ आज्ञावलीला हात न लावता जुन्या हाका नव्याकडे वळवणारा पूलही लॉगफोरजे २ सोबत मिळतो. जुनी मांडणी वाचण्याची सोयही त्यात बऱ्याच अंशी आहे. तिसरे काम दूरदृष्टीचे. आपली आज्ञावली कोणत्याही एका नोंदवहीला थेट न बांधता एसएलएफफोरजेसारख्या मध्यस्थामार्फत बोलावी, म्हणजे पुढच्या निवृत्तीच्या वेळी घर न पाडता फक्त नळ बदलावा लागेल. कारण आजचा पर्यायही उद्या म्हातारा होणारच आहे.

जानेवारी २०२२ मध्ये ग्युल्जू यांनीच रीलोडफोरजे नावाने जुन्या पिढीची डागडुजी केलेली प्रत उपलब्ध करून दिली. ज्यांना उद्याच हलता येत नाही, त्यांनी आज तिचा आसरा जरूर घ्यावा. पण तो संक्रमण शिबिरासारखा आसरा आहे. मुंबईत संक्रमण शिबिरांत माणसांच्या पिढ्या गेल्या. ते इथे होऊ नये.

व्यक्तींच्या सद्भावनेवर हे सोडून भागणार नाही. सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीबाबत, म्हणजे एसबॉमबाबत, मार्गदर्शक तत्त्वे काढली. सेबीनेही त्याच वर्षी आपल्या सायबर चौकटीत अशा यादीचा आग्रह धरला. पाऊल योग्य दिशेने आहे, पण यादी म्हणजे उपाय नव्हे. आजाऱ्यांची यादी भिंतीवर लावून दवाखाना चालत नाही. यादीतल्या प्रत्येक निवृत्त घटकासमोर दोन रकाने सक्तीचे हवेत: तो काढण्याची तारीख आणि तो काढणाऱ्या जबाबदार व्यक्तीचा हुद्दा. तारीख एकदाच पुढे ढकलता यावी. दुसऱ्यांदा ढकलायची, तर सही संचालक मंडळाची हवी. केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले ते २०१५ मध्येच, ज्या वर्षी लॉगफोरजे १ निवृत्त झाले. त्या धोरणाचा दुसरा अर्धा भाग आता लिहिला पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअर घेताना ते सोडायचे कधी आणि कसे, याचे कलम प्रत्येक सरकारी निविदेत आणि देखभाल करारात असले पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या निविदाही त्याला अपवाद नसाव्यात.

आणि एक ऋण. ज्या मूठभर लोकांच्या रिकाम्या वेळेवर जगाचे व्यवहार चालतात, त्यांच्या कष्टाचे मोल देण्याची सवय आपल्या उद्योगाला लागलेली नाही. जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने लॉगफोरजेच्या देखभालीला सरकारी पैसा दिला. बेंगळुरूच्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. पुण्यामुंबईतल्या ज्या कंपन्या या लायब्ररींच्या खांद्यावर उभ्या राहून डॉलर कमावतात, त्यांनी आपल्या अभियंत्यांचे आठवड्यातले काही तास तरी त्यांच्या देखभालीला द्यावेत. पैसा नसेल तर चाचण्या लिहाव्यात, दस्तऐवज नीट करावेत, त्रुटी तपासाव्यात. घरात बुजवणारे हात हवे असतील, तर त्यांतले काही आपलेही असले पाहिजेत.

बैल गेल्यावर झोपा करण्यात आपण वाकबगार आहोत. या वेळी बैल अजून गोठ्यात आहे. हा मजकूर वाचणाऱ्यांत एखाद्या जुन्या जावा प्रणालीची जबाबदारी सांभाळणारा कोणी असेल, तर त्याने उद्या कामावर गेल्यावर पहिल्या तासात आपली डिपेंडन्सी ट्री काढावी आणि त्यात १.२.१७ दिसते का, ते पाहावे. दिसली, तर समोर कागद ओढून तिच्या निवृत्तीची तारीख लिहावी आणि खाली आपले नाव. ज्यांनी ती लायब्ररी घडवली, त्यांनी आपली तारीख ५ ऑगस्ट २०१५ रोजीच दिली होती. उरली आहे ती फक्त आपली.